कागदी प्लेटा आणि औषधांचा डबा

यादी आली तेव्हा दिपमाला मेथी निवडत होती आणि यादी वाचून झाल्यावरही मेथीच निवडत होती. फरक एवढाच, की आता काड्या भांड्यात पडत होत्या आणि पानं वर्तमानपत्रावर. हे लक्षात यायला तिला चांगली पाच मिनिटं लागली. मग तिनं स्वतःलाच एक शिवी हासडली, चष्मा पदराला पुसला आणि मोबाईल पुन्हा उचलला. 'चलो व्हिएतनाम' हा ग्रुप. कॉलनीतल्या आठ बायका, सात रात्री, दिवाळी उरकली की लगेच निघायचं. बरोबर न्यायच्या खाण्याची वाटणी लताबाईंनी करून टाकली होती. त्या स्वतः दशम्या आणि तिळाची चटणी. कोकिळा बिबड्याचे पापड आणि शेव. कुंदाबाई कैरीचं लोणचं. पुष्पाबाई मेथीचे लाडू, सारिका चिवडा. आणखी दोघींकडे शंकरपाळे आणि भाजलेलं पीठ. प्रत्येकीच्या नावापुढे एक गुलाबाचं फूल. आणि शेवटी दिपमालाताई: कागदी प्लेटा, टिश्यू, औषधांचा डबा. तिच्या नावापुढे फुलं मात्र दोन होती.

दोन कशाला? चुकून बोट दोनदा लागलं असेल. लताबाईंची बोटं जाड, त्यांचे मेसेज नेहमीच असे धसमुसळे. पण ज्याला कमी द्यायचं असतं त्याला वरून थोडं गोड जास्त वाढतात, हेही दिपमालाला ठाऊक होतं. सात घरांच्या हातचं आठही जणी खाणार होत्या. आठव्या घराला शिजवण्यासारखं काही दिलेलंच नव्हतं, आणि आठवं घर बौद्धांचं होतं. हे वाक्य तिच्या मनात असं सरळ, हातपाय न आखडता उभं राहिलं, आणि तिला आधी लाज वाटली ती स्वतःचीच. बावीस वर्षं जळगावच्या या महाबळ भागातल्या कॉलनीत राहतोय आपण. मुलगी प्राची इथेच लहानाची मोठी झाली, या बायकांच्या अंगणात भोंडला खेळली. पंचवीस-तीस वर्षं आपण दवाखान्यात काढली, सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो, मग औषधांचा डबा आपल्याकडे येणार नाही तर काय शंकरपाळेवालीकडे जाणार? डब्याचं ठीक आहे, ती मनात म्हणाली. डब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण प्लेटा?

लताबाईंचं सहलीचं एक शास्त्र होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सावद्याकडच्या आपल्या सासरच्या केळीवाल्या गोतावळ्याला दुबईला नेलं, आणि तिथून त्यांना जो चस्का लागला तो लागलाच. दुकान नाही, पाटी नाही. घराच्या हॉलमध्ये जगाचा एक नकाशा, एक लॅपटॉप आणि कपाटात सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स. कुटुंबं, भावकी, निवृत्त मास्तर, नणंदा-भावजया, सगळ्यांना त्यांनी हिंडवून आणलं होतं. "विमान, हॉटेल, व्हिसा हे कुणीही करतं," त्या म्हणायच्या. "सहल लक्षात राहते ती पोटामुळं. परदेशात माणूस देऊळ बघून रडत नाही, तिसऱ्या दिवशी भाकरीच्या आठवणीनं रडतो." म्हणून त्यांच्या प्रत्येक सहलीत एक रिवाज पक्का होता. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, गालिच्यावर चादर अंथरायची आणि घरोघरचे डबे उघडायचे. बालीच्या सहलीतला तसला एक फोटो दिपमालानं पाहिला होता. बायका मांडी घालून बसलेल्या, मागे काचेतून समुद्र, आणि समुद्राकडे एकीचंही लक्ष नाही. कुंदाबाई तोंड उघडून हसताहेत, कुणाचा तरी हात कुणाच्या तरी डब्यात. त्या फोटोसाठी तिनं व्हिएतनामला नाव दिलं होतं. तिथली बेटं, कंदिलांचं गाव, बोटीतली रात्र हे सगळं छानच असणार, पण तिला त्या चादरीवर बसायचं होतं. आणि आता तिला कळत होतं की त्या चादरीवर तिची जागा आहे खरी, पण प्लेटा वाटणारीची.

नर्सची सवय वाईट. एका लक्षणावरून रोग ठरवायचा नाही, दुसरं लक्षण शोधायचं. दिपमालानं मेथी तशीच टाकली आणि बावीस वर्षांचा केसपेपर उघडून बसली. लताबाईंनी आपल्याकडे काय खाल्लंय? प्राची दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा त्या आल्या होत्या. पेढा खाल्ला होता, दुकानातला. नवऱ्याच्या, पंडितरावांच्या ऑपरेशननंतर आल्या, तेव्हा केळं खाल्लं, स्वतःच्या हातानं सोलून. जळगावात केळं कुणाकडेही खातात, केळ्याला कुणाचा हात लागत नाही. चहा? "आत्ताच झाला हो." असं त्या नेहमी म्हणतात, पण असं सगळंच जग म्हणतं. पाणी प्यायल्या होत्या, हो, पण फुलपात्र वर धरून, ओठ न लावता. अशाच पितात का त्या सगळीकडे? दिपमालानं डोळे मिटून कुंदाबाईंच्या घरचं हळदीकुंकू आठवायचा प्रयत्न केला. लताबाईंची लाल बांगड्यांची मनगटं आठवली, हातातला पेला आठवला, पण ओठ आठवेनात. मग तिला शाकाहाराचं आठवलं. तेही एक सोयीचं पांघरूण आहे. तुमच्याकडे नॉनव्हेज होतं ना, म्हणून बाई आम्ही जरा. लताबाईंचे मिस्टर दर अमावास्येनंतर शेतावर बोकड कापतात आणि त्याच्या रश्श्याचं वर्णन पानटपरीवर करतात ते कॉलनीला पाठ आहे, पण ते वेगळं. आणि महिन्यापूर्वी मेहरूण तलावावर फिरताना त्या काय म्हणाल्या होत्या? "दिपमालाताई, तिकडे तुमचे बुद्ध भरपूर आहेत हं. पॅगोड्यात तुम्हीच आम्हाला सगळं समजावून सांगायचं." तेव्हा तिला छान वाटलं होतं. आता त्यातला 'तुमचे' हा शब्द चपलेत खडा यावा तसा टोचायला लागला.

पंडितराव बाहेरून आले, तर गॅसवर काही नाही आणि बायको मोबाईलकडे बघत बसलेली. त्यांनी यादी वाचली, मोबाईल परत दिला आणि पंखा वाढवला. एस.टी.त कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, चार शब्दांत तिकीट फाडायची सवय. "नको जाऊ मग," ते म्हणाले. "का नको? मी का नको जाऊ?" दिपमाला उसळली. "मग जा." "तुम्हाला काहीच वाटत नाही?" पंडितरावांनी पंख्याकडे पाहिलं. "वाटतं ना. पण मला एक सांग, तू त्यांना कधी दिलंयस का घरचं काही? मी तर कधी बघितलं नाही. पाहुणा आला की तुझं ते कपाट उघडतं." एवढं बोलून ते हातपाय धुवायला निघून गेले, आणि दिपमालाला त्यांचा इतका राग आला की तिनं उरलेली मेथी उचलून फ्रीजमध्ये कोंबली.

ते कपाट स्वयंपाकघराच्या दारामागे होतं. तिनं ते उघडलं. बिस्किटांचे पुडे, वेफर्स, काजूचं पाकीट, न फोडलेला सोनपापडीचा डबा, सरबताची बाटली. कधी वाटलंच नाही की हे असं का आहे. पाहुण्यांसाठी म्हणून भरलेलं, नेहमी भरलेलं, तारीख बघून बदललेलं कपाट. प्राचीच्या मैत्रिणी आल्या तर मांडे-आमरस, दवाखान्यातल्या ताराबाई आणि रोझी सिस्टर आल्या तर वाफवलेले फुनके आणि कढी, पण कॉलनीतल्या बाया आल्या की हात आपोआप इकडे. हा हात तिचा नव्हताच, साक्रीतल्या आईचा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी शेजारच्या खेड्यातली पाटलीणबाई घराच्या ओसरीवर टेकायची. आईचा तवा तापलेला असायचा, भाकरी फुगलेली असायची, त्या वासानं दिपमालाच्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं, आणि आई तिला चार आणे देऊन दुकानात पिटाळायची, जाय, बिस्कीटना पुडा लई ये. एकदा तिनं विचारलं होतं, भाकर का नही देस? आईनं तव्यावरची नजर न काढता सांगितलं, "घरनं दिनं का त्या नही म्हणतीन. मंग आपलं तोंड उतरस. पुडा दिना का काही झंझटच नही." आई बोलली त्यात ना राग होता ना दुःख. मिठाचं प्रमाण सांगावं तसं तिनं ते सांगितलं. दिपमाला शिकली, नोकरीला लागली, धुळ्याला हॉस्टेलवर राहिली, हजारो अंगांना हात लावले, शेकडो पोरं या हातांवर जगात आली, त्यांत पाटलांची होती, ब्राह्मणांची होती, मारवाड्यांची होती, आणि कळा देणाऱ्या एकाही बाईनं तिला जात विचारली नाही. आणि इतकं सगळं करून घरी येऊन ती बावीस वर्षं पुडेच फोडत राहिली. नाही म्हणायची संधीच तिनं कुणाला दिली नाही. म्हणजे आता तिला कळायला मार्गच नव्हता. लताबाई खात नाहीत, की तिनं दिलं नाही? केसपेपर तिनंच कोरा ठेवला होता. हे कळल्यावर संशय कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

संध्याकाळी तलावाकाठी कोकिळा भेटली. कोकिळा पाचोऱ्याकडची, मऊ आवाजाची, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारी. कॉलनीत दिपमालाचं कुणाशी खरं मैत्र असेल तर ते हिच्याशी. पंडितरावांच्या छातीत कळ आली तेव्हा भर दुपारी, सगळे पुरुष कामावर असताना कोकिळेनं स्वतः गाडी काढली होती. नंतर अकरा दिवस रोज दवाखान्यात डबा पोचवला होता. वरणाला लसणाची फोडणी, मऊ भात, एका कोपऱ्यात गुळाचा खडा. त्या अकरा दिवसांत दिपमाला जगली ती त्या डब्यावर. कोकिळेचं नाव तिनं केसपेपरवर घेतलंच नव्हतं, घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिला मन मोकळं करायला कुणीतरी हवं होतं आणि कोकिळेचा हात हातात होता. तिनं सांगून टाकलं, प्लेटांचं, दोन फुलांचं, फुलपात्राचं, सगळं. सांगताना ते अगदीच क्षुल्लक, भांडकुदळ बाईसारखं वाटायला लागलं. कोकिळा थांबली. पाण्यावर दोन बगळे होते. तिनं दिपमालाचा हात घट्ट दाबला. "अहो ताई, काहीतरीच काय! कोण मानतं आता हे सगळं? लताताई बोलायला फटकळ आहेत, पण तशा नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." दिपमालाचे डोळे भरून आले. किती बरं वाटलं म्हणून सांगू, ती त्या दिवशी रात्री फोनवर प्राचीला म्हणाली, निदान एक तरी माणूस आहे. प्राची पुण्याहून म्हणाली, "आई, एवढं करण्यापेक्षा लताकाकूंना सरळ विचार ना." आताच्या पोरांना वाटतं, विचारलं की उत्तर मिळतं.

विचारायचं नाही, हे तिनं ठरवलं. विचारलं की समोरचा हसतो, खांद्यावर हात ठेवतो आणि आपण वेडे ठरतो. त्यापेक्षा द्यायचं. रविवारी लताबाईंकडे सगळ्या जमणार होत्या. निघण्याआधीची ही बैठकही त्यांच्या शास्त्रातलीच. बॅगा वजन करायच्या, खोल्या वाटायच्या आणि प्रत्येकीनं आपल्या पदार्थाची चव आणायची, कुठला टिकेल, कुठल्याला वास येईल ते तिथेच ठरायचं. दिपमालानं तिथे नुसत्या प्लेटा न्यायच्या होत्या, चव बघायला लागतील म्हणून. म्हणजे तिच्या प्लेटांत सगळ्यांचं, आणि तिचं कशातच नाही. तिनं कळण्याचं पीठ काढलं, ज्वारी आणि उडदाचं, जाडसर. त्यात तीळ, ओवा, लसूण, लाल मिरची. पुऱ्या करायच्या, आठ दिवस सहज टिकतात. पीठ भिजवायला म्हणून तिनं फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली आणि तिचा हात तिथेच थबकला. दूध कशाला? लताबाईंच्या दशम्या दुधातल्या. जुन्या माणसांत होतंच ते. पाण्यात भिजवलेलं दुसऱ्याच्या हातचं चालायचं नाही, दुधात भिजवलं की चालायचं, प्रवासात चालायचं, विटाळ दुधाला पोचायचा नाही. कुणी शिकवलं होतं हे तिला? कुणी नाही. ते हवेत असतं. आणि आत्ता, साठीला टेकलेली निवृत्त सिस्टर स्वतःच्या ओट्याशी उभी राहून त्यांना सोपं जावं म्हणून दुधाची पिशवी काढत होती. तिला स्वतःची कीव आली. मग तिनं पिशवी परत ठेवली. नळ सोडला. आपल्या नळाचं, आपल्या भांड्यातलं पाणी घेतलं आणि पीठ मळलं, दाबून, मनगट दुखेपर्यंत. पंडितराव दारात येऊन उभे राहिले आणि गरम गरम चार पुऱ्या खाऊन गेले. "झाल्यात," ते म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

रविवारी अकरा वाजता लताबाईंचा हॉल बॅगांनी भरून गेला होता. लताबाई हुकाचा वजनकाटा घेऊन एकेक बॅग उचलून बघत होत्या आणि प्रत्येकीला रागवत होत्या. "कुंदाबाई, सात दिवसांना अकरा साड्या? तिथे कुणाचं लग्न लागतंय?" कुंदाबाई सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या, सावद्याच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू दे व माय. परदेशात मेली तं नेसवाले पाहिजे ना चांगली." हशा झाला. मधल्या टेबलावर डबे उघडले होते. दिपमालानं प्लेटा ठेवल्या, टिश्यूंचा गठ्ठा ठेवला, औषधांचा डबा ठेवला, सगळं यादीप्रमाणे. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. हात सवयीनं स्थिर होता, इंजेक्शन देताना राहायचा तसा. "मी थोड्या कळण्याच्या पुऱ्या पण आणल्यात," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज वॉर्डातला वाटला. लसणाचा आणि मिरचीचा वास सुटला होता. एक क्षण गेला. तो क्षण सगळ्यांनी ऐकला की फक्त तिनंच, ते तिला सांगता आलं नसतं. तिची नजर लताबाईंच्या तोंडावर खिळली होती.

लताबाईंनी वजनकाटा खाली टाकला, उभ्याउभ्या पुरी उचलली आणि अख्खी तोंडात घातली. चावल्या. गिळली. दुसरी उचलली. "अगं बाई! आणि मी तुम्हाला प्लेटा दिल्या!" त्या भरल्या तोंडानं ओरडल्या. "मला वाटलं तुम्ही नोकरीवाल्या, तुम्हाला स्वयंपाकाचा कंटाळा. इतक्या वर्षांत तुमच्याकडे कधी चूल पेटलेली पाहिलीच नाही हो, जेव्हा यावं तेव्हा पुडे! मिस्टरांना म्हटलंसुद्धा, त्या सिस्टरांना येत नसेल काही." कुंदाबाईंनी हात पुढे केला. "मले दे बरं अजून एक. तोंडाले चव आली माय." सारिकानं खाल्ली, पुष्पाबाईंनी खाल्ली, मसाल्याची विचारपूस झाली. लताबाईंनी चौथी पुरी तोंडात धरूनच यादीच्या प्रिंटवर पेननं दुरुस्ती केली. दिपमालाला हसू आलं आणि रडूही आलं. आठवडाभर ज्या बाईला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं ती समोर तीळ दातातून काढत होती. किती हलकं वाटलं तिला! मानेवरचा घाम वाळल्यासारखं. आपण लताबाईंची माफी मागायला हवी, पण कशाबद्दल म्हणून सांगायचं, असा विचार करत तिनं आनंदानं मान वळवली, कोकिळेकडे बघायला. आपल्या या आनंदाची साक्षीदार तीच तर होती.

कोकिळा खिडकीपाशी सोफ्यावर बसली होती. तिच्या प्लेटमध्ये चिवडा संपत आला होता, लोणच्याचं तेल पसरलं होतं, मेथीच्या लाडवाचा अर्धा तुकडा होता. आणि तिच्या डाव्या हातात टिश्यूच्या कागदात गुंडाळलेलं गोल, चपटं काहीतरी होतं. ती ते अगदी हळुवार, आवाज न करता पर्समध्ये ठेवत होती. पर्सची चेन लागली. मग तिनं वर पाहिलं, दिपमालाची नजर भेटली, आणि ती हसली. तेच मऊ हसू. "मस्त झाल्यात हं ताई," कोकिळा म्हणाली. "खमंग."

दिपमालाला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि ते आत कुठेतरी जाऊन बसलं, सावकाश. अकरा दिवसांचा डबा तिच्या डोळ्यांसमोर आला. तो परत करताना रिकामा देऊ नये म्हणून तिनं त्यात साखर भरली होती. कोकिळेनं घेतला होता, हातात हात घेऊन. किती वेळा हात हातात घेतला हिनं. हात चालतो. हातचं चालत नाही. आणि ही तर तळ्याकाठी म्हणाली होती, कोण मानतं आता. खोटं बोलली का? नाही, दिपमालाला वाटलं, खोटं नसेल बोलली. तिला स्वतःलाही ठाऊक नसेल. तिच्याही हातात तिच्या आईचा हात असेल, आपल्याला दुधाच्या पिशवीकडे नेणारा होता तसाच. गाडी काढायला धावला तो हिचा हात, आणि टिश्यू गुंडाळला तो तिच्या आईचा. हे सगळं दिपमालाला कळत होतं, अगदी न्यायानं कळत होतं, आणि तरी छातीत जे दुखत होतं ते कळल्यामुळं कमी होत नव्हतं. लताबाईंनी पुरी टाकून दिली असती तर इतकं दुखलं नसतं.

"चला, खोल्या!" लताबाईंनी टाळी वाजवली. "दोघी-दोघींच्या चार खोल्या. कुंदाबाई माझ्याबरोबर, घोरतात म्हणून, दुसरी कुणी सहन करणार नाही. पुष्पाबाई आणि सारिका. शंकरपाळे आणि पीठवाल्या दोघी एकत्र. आणि कोकिळेनं मला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय, मला दिपमालाताईंबरोबरच द्या म्हणून. काय दिपमालाताई, चालेल ना?" सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. कोकिळाही, लहान मुलीसारखी उत्सुक. आणि ती खरीच उत्सुक होती, हे सगळ्यांत वाईट. दिपमालानं मनातल्या मनात सात रात्री मोजल्या. शेजारी-शेजारी दोन पलंग, एकच किटली, एकच आरसा. रोज रात्री हिच्या मऊ गप्पा ऐकायच्या. रोज संध्याकाळी चादरीवर हिचा हात कुठल्या डब्यात जातो ते चोरून बघायचं. जायचं नाही म्हणावं, गुडघ्याचं कारण आहे. खोली बदला म्हणावं, कारण काहीही. किंवा चालेल म्हणावं आणि हसावं. हे तिन्ही तिला येत होतं, तिन्ही तिनं जन्मभर केलं होतं, आणि तिन्हींत कोकिळेचं तोंड राहिलं असतं आणि तिचं उतरलं असतं.

"चालेल," दिपमाला म्हणाली. "मलाही कोकिळाच हवी." मग ती उठली, बॅगा ओलांडून खिडकीपाशी गेली आणि सोफ्यावर कोकिळेच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेऊन, कोकिळा घ्यायची तसाच. आवाज चढवला नाही. पण कुजबुजलीही नाही. "कोकिळा, अकरा दिवस मी तुझ्या हातचं खाल्लं. मी ते विसरणार नाही. आता पर्समधली ती पुरी काढ आणि खा."

कुंदाबाईंनी चष्मा वर केला. लताबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तसंच मिटलं. कोकिळेचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "अहो ताई, मी... ह्यांच्यासाठी म्हणून..." ती म्हणाली. दिपमालाच्या हातात कोकिळेचा हात गार पडत चालला होता. तो तिनं सोडला, म्हणजे तिला दोन्ही हात मोकळे मिळावेत. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि कागद उलगडल्याचा.

दिपमाला तोवर खिडकीबाहेर बघायला लागली होती. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. तिच्या शेजारी कोकिळा खात होती, की नुसती पुरी हातात धरून रडत होती, की दोन्ही, हे नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या ओठांकडे पाहिलं होतं, पेले पाहिले होते, प्लेटांत काय उरलं ते पाहिलं होतं. तिला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं, आणि त्या थकव्याच्या मागून भूक आली, खरीखुरी, पोटातली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. "लताबाई," ती म्हणाली, "तो डबा जरा इकडे द्या. माझी मीच अजून एक पण खाल्ली नाही."